मुलांच्या अद्भुतकथा आणि त्यांवरचे चित्रपट: कौतुक करावं का, आणि नेमकं कशाचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या कथांचं एवढं कौतुक होतं, ते खरंच योग्य आहे का?

सरसकट नाही. पण ज्या कथा चांगल्या आहेत त्यांचंही कौतुक बहुतेक वेळा भलत्याच कारणासाठी होतं. "कल्पनाशक्तीला चालना मिळते", "मुलं मोबाइल सोडून वाचायला बसतात" ही कारणं कुठल्याही बऱ्या पुस्तकाला लावता येतील. अद्भुतकथेचं खास काम याहून अवघड आहे. ती वाचकाला एक अशक्य गोष्ट मान्य करायला लावते आणि मग त्या गोष्टीचे सगळे परिणाम शेवटपर्यंत निभावून नेते. माणूस पक्षी होऊ शकतो, हे लिहायला एक वाक्य पुरतं. पक्षी होऊन फार वेळ राहिलं तर माणूसपण विसरायला होतं, असं ठरवलं की लेखकाला पुढचं प्रत्येक पान त्या अटीला धरून लिहावं लागतं. कौतुक करायचं ते त्या शिस्तीचं.

चित्रपटाचा हिशेब वेगळा मांडायला हवा. पुस्तक चांगलं म्हणून चित्रपटाला फुकटचे गुण देऊ नयेत, आणि चित्रपट फसला म्हणून पुस्तकाला कमी लेखू नये.

चांगली अद्भुतकथा ओळखायची कशी?

पहिली पन्नासेक पानं वाचून झाली की पुस्तक मिटा आणि एका कागदावर लिहा: या जगात जादूने काय करता येत नाही? दोन-तीन ठोस गोष्टी लिहिता आल्या तर लेखकाचा पाया पक्का आहे. काहीच लिहिता आलं नाही, तर पुढे अडचण आली की लेखक नवी जादू काढणार, हे जवळपास नक्की समजा. अशा पुस्तकात शंभराव्या पानानंतर कुणाच्याच जिवाची काळजी वाटेनाशी होते, कारण सुटकेचा मार्ग नेहमीच तयार असतो.

दुसरी गोष्ट पाहायची ती किंमत. जादू वापरणाऱ्याचं काही गेलं पाहिजे: वेळ, ताकद, आठवण, मैत्री, काहीतरी. उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मध्ये गेड नावाचा गुणी मुलगा निव्वळ ईर्षेपोटी एक मंत्र म्हणतो, त्यातून एक सावली सुटते आणि त्याच्या मागे लागते. उरलेलं सगळं पुस्तक त्या एका चुकीची परतफेड आहे. शेवटही कुठल्या मोठ्या मंत्राने होत नाही. पळणं सोडून गेड तिच्याकडे वळतो, तेव्हाच ती आवरते.

तिसरी गोष्ट म्हणजे निर्णय कोण घेतं. ऐन प्रसंगी एखादा दाढीवाला ज्ञानी म्हातारा येऊन सगळं सोडवत असेल, तर मूल त्या कथेत प्रवासी आहे, नायक नाही.

नियम पक्के असले की कथा कशी चालते, याचं एखादं उदाहरण?

सगळ्यांना माहीत असलेला जुना नमुना घ्या: राक्षसाचा जीव त्याच्या अंगात नाही, सातासमुद्रापार पिंजऱ्यातल्या पोपटात आहे. हा एकच नियम. पण तो सांगितला की कथेचं अर्धं काम झालं. राक्षसाशी लढणं निरर्थक ठरतं, शोध अटळ होतो, आणि पोपट हाती लागला की बलाढ्य राक्षस क्षणात असहाय होतो. हॅरी पॉटरच्या सहाव्या आणि सातव्या पुस्तकांचा सांगाडा हाच आहे. फक्त जीव एकाऐवजी अनेक वस्तूंत वाटलेला, आणि प्रत्येक वाटणीसाठी एक खून करावा लागलेला. नियमाला तिथे किंमत जोडली गेली. जुन्या नमुन्यात नवं काय घातलं, ते असं दाखवता आलं पाहिजे.

याच मालिकेतलं तिसरं पुस्तक (१९९९) नियमाच्या दृष्टीने सगळ्यांत रेखीव आहे. काळात मागे नेणारं एक यंत्र हाती येतं, पण घडून गेलेलं बदलत नाही. पहिल्या फेरीत जे आपण चुकीचं समजलो होतो, ते दुसऱ्या फेरीत नीट कळतं, एवढंच. तळ्याच्या पलीकडून आपल्याला वाचवणारा कोण होता, याचं उत्तर हॅरीला मिळतं ते तिथे स्वतः उभं राहिल्यावर.

पण इथेच दोषही दाखवायला हवा. असं यंत्र एकदा जगात आणलं की पुढच्या प्रत्येक संकटात वाचक विचारणार, "मग ते यंत्र का नाही वापरत?" लेखिकेला पाचव्या पुस्तकात जादूच्या मंत्रालयातला त्या यंत्रांचा साठाच फोडून टाकावा लागला. भोक बुजलं खरं, पण बुजवलेलं दिसतं. अनुभवी वाचकाने हे दोन्ही एकाच दमात सांगावं.

एवढं लोकप्रिय आहे म्हणजे उथळच असणार ना?

खप हा दर्जाचा पुरावा नाही आणि दोषाचाही नाही. नार्निया मालिकेचे लेखक सी. एस. लुईस यांनी १९५२ साली एक कसोटी मांडली होती, ती आजही उपयोगी आहे: जी बालकथा फक्त मुलांनाच आवडते ती चांगली बालकथा नव्हे. वाचून झालेलं पुस्तक पाच-सहा वर्षांनी पुन्हा उघडा. नव्याने काही सापडलं तर लोकप्रियता रास्त होती.

भाषा तर अगदी साधी असते. मग साहित्य म्हणून त्यात काय आहे?

वाक्य पातळीवर काही गाजलेल्या मालिका खरोखरच सामान्य आहेत, हे मान्य करायला हरकत नाही. प्रत्येक संवादापुढे "तो रागाने म्हणाला", "ती घाईघाईने म्हणाली" अशी शेपटं लावायची सवय पॉटर मालिकेत सुरुवातीपासून आहे. पण गद्य हा कारागिरीचा एकच भाग झाला. रचना हा दुसरा भाग, आणि मुलांच्या अद्भुतकथांत तो फार महत्त्वाचा असतो. हॅरीचा मित्र रॉन याचा पाळीव उंदीर पहिल्या दोन पुस्तकांत झोपतो, खातो, कधीमधी चावतो. तो नुसता विनोदापुरता आहे, असं वाटतं. तिसऱ्या पुस्तकात तो कोण आहे हे कळतं आणि मागची दोन पुस्तकं बदलून जातात. उडत्या मोटरसायकलच्या मालकाचं नाव पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात सहज येऊन जातं, आणि तो माणूस भेटतो तिसऱ्या पुस्तकात. अशी पेरणी ज्याला जमते त्याला वाचकावर विश्वास ठेवता येतो.

गद्यही उत्तम हवं असेल तर अर्थसी आहे, टोव्ह यान्सन यांच्या मूमिन कथा आहेत, लुईस कॅरल यांची 'ॲलिस' (१८६५) आहे. ही पुस्तकं मोठ्याने वाचून पाहा. जीभ अडखळत नाही आणि एकही वाक्य उपरं वाटत नाही.

या कथांत मृत्यू, क्रौर्य, अंधार असतो. मुलांसाठी हे योग्य आहे का?

योग्य आहे, आणि माझ्या मते हाच या प्रकाराचा सगळ्यांत मोठा गुण आहे. मृत्यू, आईबाप गमावणं, मोठ्यांनी फसवणं या गोष्टी मुलांना ऐकून-पाहून माहीत असतात. त्यांच्याबद्दल बोलायला जागा नसते. अद्भुतकथा ती जागा देते, तीही थोड्या अंतरावरून.

फक्त वयाचं भान हवं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं दिसण्याला घाबरतात: विद्रूप चेहरा, अचानक मोठं होणारं तोंड, कर्कश आवाज. राक्षस मनाने चांगला आहे, असं सांगून फारसा उपयोग होत नाही. त्याहून मोठी मुलं घडू शकण्याला घाबरतात: आई हरवणं, मित्राने दगा देणं, घर सुटणं. म्हणून एखादा रंगीबेरंगी, गाणी असलेला चित्रपट पाच वर्षांच्या मुलाला झोपू देत नाही, आणि तेच मूल मृत्यू असलेलं पुस्तक शांतपणे ऐकतं. ऐकताना चित्र त्याचं त्यानेच काढलेलं असतं, झेपेल तेवढंच.

सगळं गोड करून टाकलेली कथा मात्र मुलांना फसवते. रोआल्ड डाल यांच्या 'द विचेस' (१९८३) मध्ये उंदीर झालेला मुलगा उंदीरच राहतो. आपण आणखी साधारण नऊ वर्षं जगू, हे त्याला कळतं. आजीही तोवरच असेल, म्हणून त्याला ते चालतं. १९९० च्या चित्रपटात शेवटी त्याला पुन्हा माणूस केलं. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो खरा, पण एका मुलाने आपलं बदललेलं रूप स्वीकारलं होतं, ते त्यात वाया जातं. डाल यांना हा बदल अजिबात रुचला नव्हता, आणि त्यांची बाजू बरोबर होती.

मंत्र-तंत्र वाचून मुलं अंधश्रद्धाळू होतील, खरं-खोटं विसरतील, असं नाही का?

कथेतली जादू आणि कुणी "हे खरं आहे" म्हणून विकलेली जादू यांत मोठा फरक आहे. कथा पहिल्या ओळीपासून सांगते की हे रचलेलं आहे. शाळेत जाणारी बहुतेक मुलं हा करार नीट समजतात. झाडूवर बसून उडायचा खेळ खेळतात, पण गच्चीवरून उडी मारत नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या बाबतीत "हे खेळातलं आहे" असं एकदोनदा बोलून दाखवणं बरं. अंधश्रद्धेचा धोका असतो तो सत्य म्हणून सांगितलेल्या चमत्कारांत. शिवाय नियमबद्ध अद्भुतकथा वाचलेलं मूल लगेच विचारतं, "असं झालं तर मग तसं का नाही झालं?" ही सवय त्याला पुढे उपयोगीच पडते.

काही जुन्या पुस्तकांत वंश, मुली, परके लोक यांचं चित्रण खटकतं. तरी कौतुक करायचं?

करायचं, पण खटकतं ते झाकून नाही. डाल यांच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'च्या पहिल्या आवृत्तीत (१९६४) कारखान्यातले कामगार आफ्रिकेतून आणलेले ठेंगणे लोक होते. टीका झाली आणि १९७३ च्या सुधारित आवृत्तीत ते बदलले गेले. नार्नियाच्या शेवटच्या पुस्तकात (१९५६) आधीच्या भागांत नार्नियात गेलेल्या भावंडांपैकी सुझनला त्या जगातून वगळलं जातं आणि कारण म्हणून तिची लिपस्टिक, तिचे मोजे आणि मेजवान्यांची आवड पुढे केली जाते. दहा-बारा वर्षांच्या मुलीला हे वाचताना राग आला तर तो योग्यच आहे. "तेव्हाचा काळच तसा होता" म्हणून विषय बंद करू नका. "तुला काय वाटतं, सुझनचं पुढे काय झालं असेल?" असं विचारा. मोठ्या मुलांना एक पान लिहायला सांगितलं तर फार चांगलं लिहितात.

उलटं उदाहरणही आहे. अर्थसीचा गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे आणि त्या जगातले बहुतेक लोक सावळे-काळे आहेत. हे ले ग्विन यांनी जाणूनबुजून केलं होतं. २००४ च्या दूरचित्रवाणी रूपांतरात त्याच्या जागी गोरा नट घेतला. लेखिकेने जाहीर निषेध केला. इथे पुस्तक काळाच्या पुढे होतं आणि पडदा मागे.

चित्रपट पुस्तकापेक्षा नेहमी कमीच का वाटतो?

आधी साधं गणित पाहू. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर अंदाजे एक मिनिट. दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १२० पानं मिळतात, तीही संवादांना मोठे समास सोडून लिहिलेली. तीनशे पानांची कादंबरी मोठ्याने वाचायला आठ-दहा तास सहज लागतात. पॉटर मालिकेतलं सगळ्यांत मोठं पुस्तक पाचवं. ते मोठ्याने वाचायला २५ तासांहून जास्त वेळ लागतो आणि त्यावरचा चित्रपट आहे १३८ मिनिटांचा. म्हणजे दहातले नऊ भाग जाणारच. तेव्हा "हे का गाळलं?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. "जे गाळलं त्याच्यावर पुढचं काही उभं होतं का?" असं विचारा.

तिसऱ्या पॉटरपटात (२००४) याचं स्वच्छ उदाहरण आहे. शाळेचा जादुई नकाशा कुणी बनवला, ती चार टोपणनावं कुणाची (त्यांतलं एक हरिणाचं रूप घेऊ शकणाऱ्या हॅरीच्या वडिलांचं), हे पुस्तकात सविस्तर येतं. चित्रपटात नकाशा आहे, नावं आहेत, पण ती कुणाची हे कुणीच सांगत नाही. परिणाम असा की हॅरीच्या रक्षक-मंत्रातून हरिणच का निघतं, ते पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकाला कळत नाही. दोन-तीन वाक्यांचा संवाद गेला आणि वडील-मुलाच्या नात्याची गाठच सुटली. याउलट पीव्ह्ज या खोडकर भुताचं पात्र आठही चित्रपटांत नाही. चाहत्यांना हळहळ वाटते, पण कथेचं काही बिघडत नाही. गाळणीचा चांगला-वाईटपणा असा तपासायचा.

याच चित्रपटाची उजवी बाजूही सांगितली पाहिजे. शाळेचा रखवालदार हॅग्रिडच्या झोपडीत बाहेरून एक दगड येऊन आदळतो. तो कुणी मारला हे पहिल्या वेळी कळत नाही. काळात मागे आल्यावर हॅरीची मैत्रीण हर्मायनीच तो मारते. पुस्तकात हा दगड नाही. काळाचा नियम संवादाने समजावण्याऐवजी दिग्दर्शक अल्फॉन्सो क्वारॉन यांनी तो एका वस्तूत बसवला, आणि लहान मुलालाही तो चटकन समजतो.

म्हणजे पुस्तकात बदल केले तरी चालतात?

चालतात, कधीकधी करावेच लागतात. पडद्याला मनातले विचार दिसत नाहीत. नील गेमन यांच्या 'कोरलाइन' (२००२) मध्ये ती मुलगी बराच वेळ एकटी असते आणि मनात बोलते. २००९ च्या स्टॉप-मोशन (बाहुल्या थोड्या थोड्या हलवत एकेक चित्र टिपून केलेल्या) चित्रपटात दिग्दर्शक हेन्री सेलिक यांनी वायबी नावाचा शेजारचा मुलगा घातला, म्हणजे तिला बोलायला कुणीतरी मिळालं. निवेदकाचा आवाज सतत वापरण्यापेक्षा हा उपाय बरा. पण त्याची किंमत शेवटी मोजावी लागते. पुस्तकात मागे लागलेल्या दुष्ट 'दुसऱ्या आई'च्या तुटलेल्या हाताचा बंदोबस्त कोरलाइन एकटी करते: विहिरीवर कागदी चादर पसरते, बाहुल्यांची भातुकली मांडते, आणि हात झडप घालतो तो थेट खाली. चित्रपटात ऐनवेळी वायबी मदतीला येतो. तिच्या डोक्याचं श्रेय वाटलं जातं. चित्रपट देखणा आहे, कौतुकास पात्र आहे, आणि तरी हे नुकसान आहे.

'द विझर्ड ऑफ ऑझ'च्या पुस्तकात (१९००) डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९ च्या चित्रपटाने ते माणकांचे लाल केले, कारण टेक्निकलर या तेव्हाच्या रंगीत चित्रतंत्राच्या पडद्यावर पिवळ्या रस्त्यावर लाल जास्त उठून दिसतो. माध्यम ओळखून केलेला हा बदल आहे. त्याच चित्रपटाने सगळा प्रवास डोरोथीचं स्वप्न ठरवला, तो बदल मात्र कच्चा आहे. पुस्तकात ऑझ ही खरी जागा आहे आणि तिथे मिळवलेलं खरंच मिळवलेलं आहे. "जाग आली आणि पाहते तर काय" असं म्हणताच सगळ्या धोक्यांतली हवा जाते.

रूपांतर बहुतेक वेळा कुठे फसतं?

सगळ्यांत जास्त शेवटात. फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरियल्स' मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाचा शेवट भयंकर आहे: नायिका लायराचा मित्र मारला जातो, तेही तिनेच नकळत त्याला तिथवर नेल्यामुळे. २००७ च्या 'द गोल्डन कंपास' चित्रपटाने हा भाग काढून आशादायक जागी पडदा पाडला. उरलेलं पुढच्या भागात दाखवू, असा विचार होता. पुढचा भाग आलाच नाही. प्रेक्षकाला न संपलेली कथा मिळाली. पुढे २०१९ ते २०२२ या काळात तीन पर्वांची मालिका झाली, तिने तो शेवट जागच्या जागी ठेवला.

दुसरी जागा म्हणजे नायकाचं वय. 'पर्सी जॅक्सन'च्या पहिल्या पुस्तकात (२००५) पर्सी बारा वर्षांचा आहे आणि पाच पुस्तकांवर सोळाव्या वर्षाच्या भविष्यवाणीची टांगती तलवार आहे. २०१० च्या चित्रपटात तो सुरुवातीलाच सोळाच्या आसपासचा आहे. चार वर्षांची वाट पाहणं, हळूहळू मोठं होणं, सगळंच निघून गेलं. असं का करतात, तेही समजून घ्यायला हवं. लहान नटांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असतात, आवाज फुटतो, उंची वाढते, आणि निर्मात्यांना किशोरवयीन प्रेक्षक हवा असतो. कारणं खरी आहेत, पण मोजलेली किंमतही खरी आहे.

तिसरी चूक ताणण्याची. 'द हॉबिट' (१९३७) सुमारे ११ तासांत मोठ्याने वाचून होतं. त्याचे तीन चित्रपट मिळून जवळपास आठ तासांचे आहेत. म्हणजे वेळ भरपूर होता, गाळायची सक्ती नव्हती. तरी पुस्तकात नसलेली पात्रं आणि लांबलचक लढाया घातल्या, आणि ज्या छोट्या, घाबरट, शहाण्या बिल्बोची ही कथा तो आपल्याच कथेत बाजूला पडला.

दृश्य-करामती वाईट असणं हे कारण लोक नेहमी देतात, पण ते क्वचितच मूळ कारण असतं. १९८४ चा 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' त्या काळाच्या मानाने थक्क करणारा होता. तो अडतो दुसरीकडे. पुस्तकाच्या उत्तरार्धात मुलाची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेबरोबर त्याची एक आठवण पुसली जाते. चित्रपट साधारण अर्ध्यावरच थांबतो. किंमत वसूल करणारा भाग गेला आणि इच्छापूर्तीचा आनंद तेवढा राहिला. लेखक मिखाएल एण्डे चित्रपटावर इतके नाराज होते की त्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

लेखकालाच चित्रपट आवडला नाही, तर आपण कौतुक करणं चूक का?

नाही. लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांना त्यांच्या पुस्तकावरचा १९६४ चा 'मेरी पॉपिन्स' फार गोड आणि गुळगुळीत वाटला. पुस्तकातली मेरी खरोखरच कठोर, गर्विष्ठ आणि गूढ आहे. तरी चित्रपट स्वतःच्या पायांवर उभा आहे. लेखकाच्या तक्रारीतून पुस्तकाचा जीव कशात होता ते कळतं, तेवढ्यापुरती ती मोलाची. चित्रपटाचा निकाल त्याने लागत नाही.

लांब मालिका चित्रपटांपेक्षा चांगली का?

जाड पुस्तकासाठी होय. आठ भागांत प्रकरणांना श्वास मिळतो. दीडशे पानांच्या आटोपशीर कथेची मालिका केली की पाणी घालावंच लागतं. तिच्यासाठी दीड तासाचा चित्रपटच योग्य.

आधी पुस्तक की आधी चित्रपट?

शक्य असेल तर आधी पुस्तक, कारण एकदा नटाचा चेहरा पाहिला की मनातला चेहरा परत येत नाही. पण हा नियम दगडावरची रेघ नव्हे. वाचायला अवघड जाणाऱ्या किंवा जाड पुस्तकाला बिचकणाऱ्या मुलाला आधी चित्रपट दाखवल्याने पात्रांची नावं आणि नाती पक्की होतात, मग वाचन सोपं जातं. मधला मार्गही चांगला चालतो: पहिली तीन-चार प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा, रोज १५-२० मिनिटं. मग चित्रपट. मग उरलेलं पुस्तक मुलाच्या हाती द्या. चित्रपटात काय नव्हतं, ते शोधण्याच्या नादात ते वाचून संपवतं.

भाषांतर निवडताना मधलं कुठलंही एक पान मोठ्याने वाचा. संवाद आपल्या माणसांसारखे वाटले तर घ्या.

लहान मुलाला असा चित्रपट दाखवताना काय काळजी घ्यावी?

आधी स्वतः एकट्याने पाहा, निदान शेवटची ३० मिनिटं तरी, कारण सर्वांत भीतिदायक भाग तिथेच असतो. ट्रेलरवर विसंबू नका. भीती डोळ्यांपेक्षा कानांतून जास्त शिरते, म्हणून आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि एक दिवा लावून ठेवा. आठ वर्षांखालच्या मुलाला अडीच तासांचा चित्रपट एका बैठकीत दाखवू नका. दोन दिवसांत विभागा, आणि थांबायचं ते संकटाच्या मधोमध नव्हे, प्रसंग मिटल्यावर. झोपण्याआधी निदान तासभर अंतर ठेवा.

मूल घाबरलं तर "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" असं म्हणू नका. चित्रपट थांबवा, "कुठल्या गोष्टीची भीती वाटली?" असं विचारा आणि पडद्यामागचं चित्रीकरण दाखवा: रंगभूषा करून घेणारा नट, हिरव्या पडद्यासमोरचा रिकामा मजला. सहा-सातच्या पुढच्या मुलांना हे चांगलं लागू पडतं. त्याहून लहान असेल तर सरळ चित्रपट बंद करून दुसऱ्या खेळात गुंतवा. भीतीचं दृश्य "सवय व्हावी" म्हणून पुन्हा दाखवणं हा सर्वांत वाईट उपाय.

वर्गात किंवा वाचनगटात पुस्तक-चित्रपट तुलना कशी घ्यावी?

पूर्ण पुस्तक आणि पूर्ण चित्रपट घेऊ नका. चर्चा "मला आवडलं, मला नाही आवडलं" यावर अडकते. एकच प्रसंग निवडा: पुस्तकातली चार-पाच पानं आणि चित्रपटातली तेवढ्याच प्रसंगाची तीन ते सहा मिनिटं. आधी पानं वाचा. मग प्रत्येकाने सहा चौकटींत तो प्रसंग चितारावा, चित्रं काड्यांची माणसं असली तरी चालतील. चौकट निवडताना काय सोडावं लागतं, ते हाताला कळतं. त्यानंतर चित्रपटाचा तुकडा दोनदा दाखवा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. संगीताने किती काम केलं होतं, ते तेव्हा लक्षात येतं.

मग तीनच प्रश्न: काय गेलं? काय नवं आलं? त्यामुळे कुणाचा निर्णय बदलला? तिसऱ्या प्रश्नावर जास्तीत जास्त वेळ द्या. चाळीस-पन्नास मिनिटांत सगळं होतं. गट वीसपेक्षा मोठा असेल तर चौकटींचं काम जोडीने द्या, नाहीतर वेळ त्यातच संपतो.

परीक्षण लिहायचं आहे. कौतुक पोकळ वाटू नये म्हणून काय करावं?

"अप्रतिम", "खिळवून ठेवणारं", "डोळ्यांचं पारणं फिटतं" हे शब्द पहिल्या खर्ड्यात येऊ द्या आणि दुसऱ्यात प्रत्येकाच्या जागी एक प्रसंग ठेवा. प्रसंग सापडला नाही तर ते विधान काढून टाका. पुस्तकातल्या जगाचा मुख्य नियम तुमच्या शब्दांत दोन ओळींत सांगा, तो कुठे पाळला आणि कुठे मोडला ते दाखवा. चित्रपटाबद्दल लिहिताना निदान एक बदल असा सांगा जो योग्य होता, आणि एक जो अंगाशी आला. शेवट उघड करू नका. कुठल्या वयाच्या मुलाने एकट्याने वाचावं आणि कुठल्या वयात कुणी सोबत असावं, हे आवर्जून लिहा. पालक तेच शोधत असतात आणि बहुतेक परीक्षणांत नेमकं तेच नसतं.

मूल एकच पुस्तक किंवा चित्रपट पुन्हा पुन्हा मागतं. थांबवावं का?

पुस्तक असेल तर अजिबात नाही. शेवट माहीत असताना वाचणारं मूल रचना बघत असतं: उंदराचा पहिला उल्लेख कुठे आला, दार पहिल्यांदा कधी उघडलं. चित्रपटाच्या बाबतीत एवढंच बघा की मूल अजून त्याबद्दल बोलतंय, प्रश्न विचारतंय, खेळात काही नवं घालतंय का. तसं असेल तर चालू द्या. नुसतं गप्प बसून पाहत असेल तर त्याच जगातलं पुढचं पुस्तक आणून त्याच्याजवळ ठेवा आणि पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा.